समुद्राची टाकी आणि घरातली हवा

(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



आपल्या मंडळात पाककृतींवर, भरतकामावर, मुलांच्या आजारांवर पुष्कळ भाषणे झाली. माशांवर बोलावयास उभी राहणारी मीच पहिली असेन. तेही खावयाच्या माशांवर नव्हे, पाहावयाच्या. आमच्या बैठकीतली काचेची टाकी आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिली आहे. आलेली प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारते. पहिला, हे मासे केवढ्याला पडले? दुसरा, नागपुरात समुद्राचे मासे जगतात तरी कसे? पहिल्याचे उत्तर मी घरी देत नाही, कारण ऐकून आमच्या ह्यांना त्रास होतो. दुसऱ्याचे उत्तर आज सांगते.

टाकी आमच्या थोरल्याने मांडली. २०१६ साली आम्ही मुंबईस गेलो असताना मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. ते १९५१ सालचे जुने मत्स्यालय, २०१५ मध्ये नव्याने सजवून उघडलेले. पुढे कोरोनाच्या साथीत २०२० साली ते बंद झाले. पण आमच्या मुलाच्या डोक्यात शिरलेले खूळ काही बंद झाले नाही. त्याने पैसे साठवून टाकी आणली, आणि वर्षभरात पुण्यास नोकरी लागून तो निघून गेला. टाकी माझ्याकडे राहिली. त्याला आता चार वर्षे झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, रसायनशास्त्र म्हणून काही शाळेत पाहिले नाही. जे कळले ते मुलाला फोनवर विचारून, पुस्तके वाचवून घेऊन आणि रोज वहीत आकडे लिहून कळले.

समुद्र सदरपासून शेकडो किलोमीटर लांब. तेव्हा पाणी घरीच करावे लागते. नळाला येणारे पेंच-कन्हानचे पाणी आपल्याला चांगले, पण त्यातले क्लोरीन आणि विरघळलेले क्षार टाकीला नकोत. म्हणून ते गाळून अगदी निर्मळ, क्षार शून्य करावयाचे आणि त्यात समुद्राचे मीठ विरघळवावयाचे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाचे मीठ येथे कामाचे नाही, कारण समुद्रात नुसते मीठ नसते. कॅल्शियम असते, मॅग्नेशियम असते, सोड्याच्या जातीचे क्षार असतात. हे सर्व प्रमाणात मिसळलेले मीठ तयार मिळते.

टाकीत काय आहे तेही सांगते. दोन नारिंगी क्लाउन मासे, एक पट्टेदार कोळंबी, काही गोगलगायी, दगडांवर वाढलेली गुलाबी चुनखडी शेवाळी आणि बटणांसारखी उमलणारी मऊ फुले. ती फुले नव्हेत, प्राणीच आहेत. दगडी पोवळी मात्र आमच्याकडे नाहीत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्याखाली २००१ पासून आपल्या समुद्रातली दगडी पोवळी, काळी पोवळी, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना वाघाच्या पंक्तीला बसवलेले आहे. ती समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. दुकानदार पिशवीतून काही पुढे करील आणि ‘घ्या हो ताई, काही होत नाही’ म्हणेल, तर घेऊ नये.

आता पीएचकडे येते, कारण टाकीचे सारे रडगाणे त्याचेच आहे.

पीएच हे नाव नवे वाटेल, पण वस्तू आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. हळदीचा डाग पडलेली साडी साबणाने चोळली की डाग लाल होतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचे कुंकू असेच हळदीपासून करीत. त्यावरच लिंबू पिळा, पुन्हा पिवळी. म्हणजे आंबट आणि खारे यांचा झगडा आपण हळदीत जन्मभर पाहत आलो. तोच झगडा आकड्यात मोजला की त्याला पीएच म्हणावयाचे. १९०९ साली डेन्मार्कमध्ये, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत, सोरेन्सन नावाच्या शास्त्रज्ञाने ही पट्टी बसवली. शून्यापासून चौदापर्यंत घरे, मधले सातवे घर ना आंबट ना खारे. लिंबाचा रस दोन-अडीचच्या घरात, चुन्याची निवळी साडेबाराच्या जवळ. समुद्राचे पाणी आठच्या थोडे वर, आजकाल ८.१ धरतात. टाकीत ७.८ ते ८.४ च्या मध्ये असले म्हणजे जीव सुखी.

आकडे जवळजवळ दिसतात म्हणून फसू नये. पट्टीवर एक घर खाली उतरले म्हणजे आंबटपणा दहापट होतो. ८.२ वरून ७.९ वर आले, तर बोलताना तीनच दशांश, पण आंबटपणा दुप्पट झालेला असतो. इतका बारीक फरक हळदीला दाखवता येत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग पाहावयाची बाटली मिळते, किंवा विजेची कांडी मिळते. माझ्याकडे कांडी आहे. दर पंधरा दिवसांनी तिला ७ आणि १० च्या ठरीव द्रावणात बुडवून नीट करावी लागते, आणि तिचे टोक कधी कोरडे पडू द्यावयाचे नाही. हे न करणाऱ्यांची कांडी मनाला येईल ते सांगते आणि ते मासे बदलत बसतात.

पाणी खारट आहे म्हणजे पीएच आपोआप बरोबर असेल, असे कोणी समजू नये. आपल्या विदर्भातच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. तेही खारट. पण त्यात मिठाबरोबर धुण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार इतका आहे की त्याचा पीएच १० च्या आसपास मोजला गेला आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले होते, आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असल्याचे दाखवून दिले. त्या जीवांना ते पाणी मानवते. आमच्या क्लाउनला तेथे सोडले तर तो घटकाभरही टिकावयाचा नाही.

तर हा पीएच खाली का येतो? सोडा-वॉटरची बाटली फोडली की जो वायू फसफसतो, तोच कार्बन डायऑक्साइड आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. तो पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते आणि पीएच उतरतो. दिवसा टाकीवर दिवे असतात, तेव्हा शेवाळी हा वायू खाऊन टाकते आणि पीएच चढतो. रात्री दिवे मालवले की खाणारे थांबतात आणि सोडणारे चालू राहतात, म्हणून पीएच उतरत जातो. पहाटे दिवे लागण्यापूर्वी तो सर्वांत खाली, संध्याकाळी सर्वांत वर. माझ्या वहीत पावसाळ्यातले साधे दिवस पाहिले तर सकाळी सहाला ७.९, संध्याकाळी सातला ८.२, असे ओळीने लिहिलेले आहे. हा चढउतार समुद्रकाठच्या पोवळ्यांच्या डबक्यातही होतो. त्याला औषध नको. सकाळी एकदाच मोजून घाबरणाऱ्या आणि संध्याकाळी एकदाच मोजून निर्धास्त राहणाऱ्या दोघीही अर्धेच पाहतात. मोजावयाचे तर ठरल्या वेळी, दोन्ही वेळा.

आता दुकानात पीएच वाढवण्याची बाटली मिळते. ‘दोन झाकणे टाका, उद्या ८.३’. धरमपेठेकडे राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ही बाटली तीन महिने टाकली. टाकली की चढे, रात्री उतरे, पुन्हा टाकत. शेवटी टाकीत पांढरा गाळ धरला, पंपावर चुन्याचा थर बसला आणि पीएच होता तेथेच. हे का झाले ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही समजावयाचे नाही.

पीएचच्या मागे आणखी एक गोष्ट उभी असते. पुस्तकात तिला अल्कलिनिटी म्हणतात, मी तिला सोड्याची शिल्लक म्हणते. आपल्या हातातल्या पर्समध्ये आज किती आहे तो पीएच. कपाटातल्या डब्यात किती साठवले आहे ती शिल्लक. पाहुणे आले, पर्स रिकामी झाली, तरी डब्यात असले म्हणजे घर हलत नाही. पाण्यात आम्ल आले की ही शिल्लक ते गिळून टाकते आणि पीएच धाडकन पडू देत नाही. गुलाबी शेवाळी, गोगलगायीचे शिंपले, आणि दगडी पोवळी असली तर ती, याच शिल्लकेतून आपले घर बांधतात, म्हणून ती खर्च होत जाते. समुद्रात ती डिग्रीच्या मापाने ७ च्या आसपास असते. टाकीत ७ ते ११ मध्ये कोठेही चालते, पण रोज एकच हवी. माझी मी साडेआठवर ठेवते.

शिल्लक कमी झाली तर साधा खाण्याचा सोडा पुरतो. शंभर लिटर पाण्यात शिल्लक एका डिग्रीने वाढवावयास सुमारे ३ ग्रॅम सोडा लागतो. आमची टाकी खालच्या पेटीसकट दोनशे लिटरची, तिला ६ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट आणि वर चिमूट. आधी निर्मळ पाण्यात विरघळवून मग हळूहळू ओतावयाचा, आणि एका दिवसात एका डिग्रीपेक्षा अधिक कधी नाही. केकची बेकिंग पावडर चालत नाही, तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेले असते. खाण्याच्या सोड्याने शिल्लक वाढते पण पीएच फारसा हलत नाही. तोच सोडा ताटात पसरून भट्टीत तासभर चांगला भाजला, तर त्यातले पाणी आणि वायू उडून जाऊन धुण्याचा सोडा होतो, आणि हा मात्र पीएचही चढवतो. दुकानातल्या पुष्कळ बाटल्यांत बहुधा असलेच काहीतरी असते. पापडखाराचे हे भाऊबंद आपल्याला नवे नाहीत.

तेव्हा त्या गृहस्थांचे काय झाले? त्यांची शिल्लक आधीच पुरेशी होती. ते भरल्या डब्यात आणखी कोंबत राहिले आणि ती चुन्याच्या रूपाने बाहेर सांडली. पीएच खाली होता तो सोडा कमी म्हणून नव्हे. घरात वायू जास्त होता.

आता आमच्या घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात वहीतले आकडे उतरू लागले. सकाळी ७.८, मग ७.७. शिल्लक मोजली तर साडेआठ. मीठ बरोबर, पाण्याची ऊब २६ अंश. एके दिवशी सकाळी कांडीने ७.६ दाखवले. कांडी द्रावणात बुडवून पाहिली, ती खरे बोलत होती. कोळंबी कोपऱ्यात बसून होती आणि बटणफुले मिटलेली. ज्या दुकानातून सामान आणतो तेथे विचारले, त्यांनी बाटली पुढे केली. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, ‘आई, आधी हवेची परीक्षा कर.’

ही परीक्षा कोणालाही करता येते म्हणून नीट सांगते. टाकीतले दोन पेले पाणी काढले. वीज गेली तर माशांना हवा देण्याचा सेलवर चालणारा छोटा पंप आमच्याकडे आहे. एक पेला अंगणात नेला आणि त्यात तासभर बुडबुडे सोडले. दुसऱ्या पेल्यात बैठकीतच तासभर सोडले. दोन्ही मोजले. अंगणातला पेला ८.१ वर गेला, बैठकीतला ७.७ च्या वर सरकेना. पाणी तेच, पंप तोच. फरक हवेचा. म्हणजे खोट टाकीत नव्हती, आमच्या बैठकीच्या हवेत होती.

बैठकीत आमच्या सासूबाई झोपतात. वय ऐंशीच्या वर, थंडी सोसत नाही. आपल्याकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो हे आपण जाणतोच. दारे-खिडक्या बंद, फटींना कापडाच्या चिंध्या, आणि उशाशी कोळशाची शेगडी. शेगडी त्यांच्या लग्नापासूनची सवय. अंगणात पेटवून, धूर जाऊन निखारे लाल झाले की आत आणावयाची. ‘धूर गेला म्हणजे भीती गेली’ असे त्या म्हणत, आणि ह्यांचेही तेच मत.

बाहेरच्या हवेत हा कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या आसपास असतो. बंद खोलीत दोघे-तिघे झोपले तर तो हजाराच्या वर सहज जातो. निखारे असले तर विचारावयास नको. आणि हवेतला वायू दुप्पट झाला की पाण्याचा पीएच सुमारे ०.३ ने उतरतो. टाकीने महिनाभर हेच सांगितले होते.

पण मला झोप आली नाही ती टाकीच्या काळजीने नव्हे. निखाऱ्यांतून दुसराही एक वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला धूर नाही, वास नाही, रंग नाही. तो रक्ताला चिकटतो आणि श्वास चालू असून माणूस गुदमरते. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशी बातमी उत्तर हिंदुस्थानातून दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. पीएचची कांडी हा विषारी वायू दाखवीत नाही, हे ध्यानात ठेवावे. ती त्याच्या सोबत्याला दाखवते. सोबती इतका साठला असेल तर हाही कोठे तरी असणार, एवढे मला सातवीच्या शिक्षणावर कळले.

सासूबाईंना महिनाभर सकाळी डोके जड होई. आम्ही पित्त म्हणून सुंठ उगाळून लावत होतो. त्या दिवशी डॉक्टरांना शेगडीचे सांगितले. ते खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, ‘ती आजच बाहेर काढा, मग बाकीचे बोलू.’

काढावयाची कशी, हा खरा प्रश्न. सासूबाईंना मी उपदेश करणे शोभत नाही, आणि ह्यांनी सांगितले तर ‘माशांसाठी आईला थंडीत मारता का’ असे ऐकावे लागले असते. झालेही तसेच. दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी मी दोन पेले घेतले आणि त्यांच्यासमोरच परीक्षा पुन्हा केली. एक पेला त्यांच्या उशाशी शेगडीजवळ, एक अंगणात. कांडीचे आकडे त्यांना वाचता येतात, बाजाराचा हिशेब त्यांनीच पन्नास वर्षे ठेवला आहे. त्यांनी दोन्ही आकडे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, ‘मासा सांगतो म्हणून काढते हो, तुझ्यासाठी नाही.’ शेगडी त्या संध्याकाळी अंगणात गेली. रबरी पिशवीत गरम पाणी, दोन गोधड्या, पायांत लोकरी मोजे. अंगणाकडच्या खिडकीची वरची झडप रात्रभर चार बोटे उघडी. तिसऱ्या सकाळी टाकी ७.९. आठवड्यात सासूबाईंचे डोके उतरले. सुंठ अजून डबीत तशीच आहे.

खिडकी उघडणे शक्य नसेल तेथे एक सोपी युक्ती आहे. साखरेच्या पाकात दूध घालून आपण मळी वर आणतो आणि काढून टाकतो. टाकीतही तसे बुडबुड्यांनी मळी वर आणणारे यंत्र असते, त्याला स्किमर म्हणतात. ते सारखी हवा ओढत असते. त्याच्या हवेच्या तोंडाला लांब नळी जोडून तिचे दुसरे टोक खिडकीच्या भोकातून बाहेर काढले की टाकीला बाहेरची हवा मिळते. आम्ही केबलच्या भोकातूनच काढली. नळीच्या टोकाला जाळी लावावी, मुंग्या शिरतात. रस्त्यावरचा धूर किंवा डासांची फवारणी चालू असेल तेव्हा टोक आत घ्यावे.

दुसरी युक्ती रात्रीच्या दिव्याची. टाकीच्या खालच्या पेटीत हिरवे शेवाळ वाढवावयाचे आणि त्यावर रात्रीच दिवा लावावयाचा. वर अंधार असताना खाली शेवाळ वायू खात राहते, मग पहाटेची घसरण कमी होते.

तिसरी चुन्याची निवळी. लहान मुलांना पूर्वी देत तीच जात, पण येथे पानाचा चुना नको, त्यात काय मिसळलेले असेल सांगता येत नाही. शुद्ध चुना आणावा. एक लिटर निर्मळ पाण्यात दीड ग्रॅम घालून हलवावा, रात्रभर निवळू द्यावा आणि वरचे स्वच्छ पाणी घ्यावे. खालचा गाळ हलवावयाचा नाही. ही निवळी पीएचही चढवते, शिल्लकही भरते आणि कॅल्शियमही देते. मात्र ती साडेबाराच्या घरातली, हातमोजे घालूनच हाताळावी आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नये. टाकीतले जेवढे पाणी वाफेने उडते तेवढीच निवळी, रात्री थेंब थेंब. सलाइनची नळी यासाठी उत्तम. भडाभडा ओतली तर सकाळी मासे उलटे. उघडी ठेवली तर हवेतला वायू ओढून वर पांढरा पापुद्रा धरते, तो चुनाच वाया गेलेला असतो. म्हणून भांड्याला झाकण हवे.

उन्हाळ्याचे आमच्याकडे निराळेच. आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, म्हणून सर्वांना वाटते की मे महिन्यात टाकीचे हाल सर्वांत जास्त. उबेपुरते ते खरे, पाणी थंड करणारे यंत्र लावल्याशिवाय भागत नाही. पण पीएच मात्र माझ्या वहीत वैशाखातच सर्वांत चांगला आहे. कारण आपला कूलर. कूलर बाहेरची हवा ओल्या ताटीतून ओढून आत लोटतो आणि ती बाहेर जावी म्हणून आपण समोरची खिडकी उघडी ठेवतो. घरातली हवा सारखी बदलते. एसीचे घर याच्या उलट. भिंतीवरचा एसी तीच ती हवा फिरवून गार करतो, बाहेरची आणीत नाही. दारे बंद, माणसे आत. माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे एसी आहे आणि त्यांना वाटते की त्यांच्या खोलीत थंड म्हणजे ताजी हवा आहे. कूलरची एक अडचण तेवढी आहे. घर दमट झाल्याने टाकीतले पाणी कमी उडते, म्हणून नुसता पंखा लावून टाकी गार होत नाही.

आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी तर आकडे पाहूच नयेत. त्या दिवशी आमच्याकडे तीस पान उठते, गॅसच्या चारही चुली पेटलेल्या, समया, उदबत्त्या. संध्याकाळचा पीएच ८.२ असावयाचा तो ७.९. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले की आपला परत जागेवर. अशा वेळी सोड्याचा डबा कुलपात ठेवावा.

हे सारे आपल्या एका बैठकीपुरते. पण बाहेर खऱ्या समुद्राचेही हेच चालले आहे. कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून माणूस जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला सुमारे चौथा हिस्सा समुद्र पितो. कारखाने सुरू होण्यापूर्वी समुद्राच्या वरच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. एक दशांश ऐकून हसू येईल, पण आंबटपणा पाव हिश्शाहून अधिक वाढला आहे. चुन्याचे घर बांधणाऱ्या जिवांना तेवढे बांधकाम कठीण होते. आपल्या महाराष्ट्रातही पोवळी आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीच्या समुद्रात ती आहेत, तेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे, तेथेही आहेत. त्यांना उन्हाचा त्रास वेगळा. पाणी तापले की ती पांढरी पडतात, लक्षद्वीपला २०२४ मध्ये पुष्कळ पडली. आमच्या टाकीला मी खिडकी उघडून दिली. समुद्राला बाहेरची हवा कोठून आणणार?

मासे कोठून आणावे, हे कोणी विचारील. समुद्रातून जाळ्याने पकडलेले घेऊ नयेत, पैदास केलेले मागावेत. क्लाउन माशाची पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपम येथे करून दाखवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तेथल्या बायकांना शोभेच्या कोळंब्या आणि क्लाउनची पिल्ले वाढवावयास शिकवले. त्या बायका आपल्या अंगणाजवळच्या टाक्यांत ती वाढवून विकतात. म्हणजे पीएच, शिल्लक, मीठ हे सारे त्या रोज मोजत असणार. त्यांची वही पाहावयास मिळाली तर मला फार आवडेल. आपल्या राज्यातही नवी मुंबईत ऐरोलीस खाडीकाठी कांदळवन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तेथेही क्लाउनची पैदास झाली आहे. अगत्ती फार लांब, पण ऐरोलीला रेल्वेने जाऊन येता येईल. हिवाळ्यात तेथल्या खाडीत रोहित पक्षी उतरतात आणि नावेतून दाखवतात. मंडळाच्या यंदाच्या सहलीसाठी ते नाव मी चिटणीसबाईंकडे लिहून दिले आहे.